माल सरकारचा, वाट देणगीदारांची

एका ग्रामीण रुग्णालयात नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली, ती मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्था बंद झाली. एचआयव्ही प्रतिबंधासाठी सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळणारे कंडोम देणगीदारांच्याच पैशातून येतात ना? मग आपल्याकडचा पुरवठा आटणार का? आणि माझ्या रुग्णालयात तर खोकी तशीच पडून आहेत, कोणी हात लावत नाही. मग इतकी वर्षं हा खर्च पाण्यातच गेला म्हणायचा का?"

डॉक्टर, मी वीसेक वर्षं हा माल मोजण्यात, पोचवण्यात आणि कुठे गेला ते शोधण्यात घालवली. त्या अनुभवावर सांगतो. तुमचे दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत, पण पहिल्यापासून सुरुवात करू.

भारतात मोफत वाटला जाणारा कंडोम मुख्यतः भारत सरकारच्याच पैशाचा असतो. ही व्यवस्था एड्सच्या आधीची आहे, कुटुंबनियोजनातली. 1968 मध्ये 'निरोध' आला, तेव्हा पहिला माल अमेरिका, जपान आणि कोरियातून आणावा लागला होता. तीन नगांचं पाकीट पंधरा पैशांना. सरकारी यंत्रणेला दुकानदारी जमणार नाही हे तेव्हाच्या लोकांनी ओळखलं आणि चहा, साबण, सिगारेट, बॅटऱ्या विकणाऱ्या बड्या कंपन्यांच्या गाड्यांतून तो गावोगावच्या दुकानांत पाठवला. नावाचा किस्सा आमच्या क्षेत्रात अजून चघळला जातो. आधी 'कामराज' हे नाव सुचलं होतं, मदनाचं म्हणून. पण त्या काळात काँग्रेसचे अध्यक्षच के. कामराज! मग निरोध. पुढे 5 एप्रिल 1969 ला तिरुवनंतपुरमजवळ पेरूरकडा इथे हिंदुस्तान लॅटेक्सचा कारखाना जपानी तंत्रज्ञानावर सुरू झाला. त्याच कंपनीचा एक कारखाना तुम्ही पाहिलाही असेल. पुण्याहून बेळगावला जाताना निपाणी ओलांडली की संकेश्वरच्या अलीकडे कणगला लागतं, तिथे आहे. म्हणजे अमेरिकेतला एखादा हुकूम निघाला म्हणून आपल्याकडचं रबर, म्हणजे कंडोम, बंद पडेल, असं होत नाही.

मग देणगीदार कुठे आले? ते आले एड्समुळे. 1986 मध्ये चेन्नईत देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात विषाणू सापडला. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, उभी राहिली ती जागतिक बँकेच्या 8 कोटी 40 लाख डॉलरच्या आधारावर. ते कर्ज होतं, दान नव्हे. आपल्याकडे दोन्हीला 'फंडिंग' म्हणायची सवय आहे, त्यामुळे हिशेब नेहमी धूसर राहतो. त्यानंतर ब्रिटनचा परदेशी मदत विभाग डीएफआयडी, अमेरिकेची यूएसएड, एड्स-क्षयरोग-मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय ग्लोबल फंड आणि 2003 पासून गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' प्रकल्प. आवाहन महाराष्ट्रासह सहा राज्यांत आणि ट्रकच्या महामार्गांवर चालला. आपल्याकडे पुण्याकडून जिल्ह्याजिल्ह्यांत 'मुक्ता', मुंबई-ठाण्यात 'आस्था', आणि ट्रकचालकांसाठी 'खुशी' नावाचे दवाखाने. त्याआधी 2001 पासून यूएसएडच्या पैशातून 'अॅव्हर्ट सोसायटी' महाराष्ट्रात होतीच.

या सगळ्यांनी प्रामुख्यानं रबर विकत घेतलं नाही. त्यांनी रबर जिथे लागतं तिथे जाण्याची वाट विकत घेतली. वाट म्हणजे डांबरी रस्ता नव्हे, तर माणसं. वस्तीतली एक बाई जी स्वतः धंदा करते आणि महिन्याला काही मानधनावर शेजारच्या साठेक बायकांपर्यंत पाकिटं नेते. तिला आम्ही 'पीअर' म्हणतो. लाकडी मॉडेलवर 'डेमो' दाखवणारी, मग समोरच्या बाईकडून तोच 'रिडेमो' करून घेणारी कार्यकर्ती. कोणत्या लॉजमध्ये, कोणत्या ढाब्यामागे, कोणत्या एसटी स्टँडवर किती बायका उभ्या राहतात याचा हातानं काढलेला नकाशा. गुप्तरोगाची तपासणी करणारा, नाक न मुरडणारा डॉक्टर. आणि जाहिरात. मुंबईकरांना 2002-03 चे ते फलक आठवत असतील, 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' अख्ख्या शहराला प्रश्न पडला होता की हा बलबीर पाशा आहे तरी कोण. तो यूएसएडच्या पैशातला, पीएसआय या संस्थेचा प्रचार होता. तो बऱ्याच लोकांना रुचला नव्हता, मलाही सगळाच रुचला नव्हता. पण पानटपरीवर हा शब्द मोठ्यानं उच्चारता येऊ लागला, हे मी स्वतः पाहिलं आहे.

वाटेची किंमत कळायला एक साधा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. एका बाईकडे दिवसाला चार गिऱ्हाइकं येतात आणि ती महिन्यातले बावीस दिवस बसते असं धरा. अठ्ठ्याऐंशी नग झाले. फाटणं, हरवणं, गिऱ्हाइकानं मधेच फेकून देणं यासाठी दहा टक्के वर. साधारण सत्त्याण्णव. एका पीअरकडे साठ बायका, म्हणजे महिन्याला पाच हजार आठशेच्या वर नग. आता तुमच्या रुग्णालयाच्या भिंतीवरची ती पेटी बघा. एका पीअरच्या एका महिन्याचा माल तिच्यात मावणार नाही. आणि ज्या बाईला सत्त्याण्णव लागतात तिला पीअरकडून साठ मिळत असतील, तर उरलेल्या सदतीस वेळांचं काय? त्या फरकाला आम्ही 'गॅप' म्हणतो. सगळा रोग त्या गॅपमध्ये राहतो. साठ्याचा एकूण आकडा कितीही मोठा असला तरी गॅप काढायला त्या बाईशी बोलावंच लागतं. कारण चार गिऱ्हाइकं की सहा, हे कोणत्याही रजिस्टरमध्ये नसतं. दिवाळीत, जत्रेत, उसाचा हंगाम आला की ते बदलतं. पावसाळ्यात पुन्हा बदलतं.

आणखी एक गोष्ट आकड्यांत कधीच दिसत नाही. गिऱ्हाइकाबरोबर कंडोम वापरणारी बाई तिच्या 'मालका'बरोबर वापरत नाही. मालक म्हणजे तिचा कायमचा माणूस. त्याच्याशी कंडोम वापरणं म्हणजे त्याला गिऱ्हाइकाच्या रांगेत बसवणं. हे पीअरला माहीत असतं, डेपोच्या भांडारपालाला माहीत नसतं. म्हणून पीअरच्या मानधनाला मी मालाच्या किमतीहून वरचं स्थान देतो.

मागणी वाढवायची आणि माल थेट जागेवर पोचवायचा, या दोन्ही गोष्टी एकत्र जमल्या की काय होतं, ते थायलंडनं दाखवलं. 1989 मध्ये रात्चाबुरी प्रांतात डॉ. विवत यांनी एक साधा नियम लावला. सगळ्या कुंटणखान्यांत, प्रत्येक गिऱ्हाइकाला, कंडोमशिवाय नाही. एका घरात सक्ती आणि शेजारच्यात सूट असली की गिऱ्हाईक शेजारी जातं, म्हणून सगळीकडे एकदम. माल सरकारनं फुकट पुरवला. 1991 मध्ये नियम देशभर गेला. कुंटणखान्यांतला वापर 1989 मधल्या 14 टक्क्यांवरून 1993 पर्यंत 94 टक्क्यांवर पोचल्याची नोंद आहे. या नियमामागे पोलिसी जोर होता आणि तो भाग मला पटत नाही. आपल्याकडे कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी 1992 पासून, आणि सांगलीत 'संग्राम' या संस्थेनं त्याच वर्षापासून दुसरी रीत धरली. नियम बायकांनीच आपल्या आपसांत करायचा. वेळ जास्त लागला, पण टिकाऊपणा जास्त आला.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमच्या रुग्णालयातल्या खोक्यांचा प्रश्न उलगडेल. एका जिल्ह्यात, नाव नको, मी तिमाही अहवालावर सही केली की 'स्टॉक-आउट शून्य', म्हणजे माल कुठेच संपलेला नाही. भांडारात दीड लाखाच्या आसपास नग होते, रजिस्टर बरोबर होतं, शिक्के होते. पुढच्या महिन्यात चाळीस किलोमीटरवरच्या एका बाजाराच्या गावी गेलो. तिथल्या बायका टपरीवरून तीन-तीन नगांची पाकिटं पैसे देऊन घेत होत्या. सात आठवडे त्यांच्याकडे फुकटचा माल आलाच नव्हता. का? तर वस्तीत काम करणाऱ्या संस्थेचा सरकारशी असलेला करार संपला होता, नूतनीकरणाची फाईल वर अडकली होती आणि पीअरचं मानधन तीन महिने थकलं होतं. पीअर जिल्ह्याच्या गावाला येऊन माल नेईल तर एसटीचं भाडं कोणी द्यायचं? माल होता, पण तो उचलायला कोणी नव्हतं. 'स्टॉक-आउट' मी भांडाराच्या कपाटात मोजत होतो. त्या बाईच्या पर्समध्ये मोजायला हवा होता. एका बाईनं मला तेव्हा विचारलं, "साहेब, तुमच्या कागदावर आम्ही आहोत का?" मी उत्तर दिलं नाही.

म्हणून आवाहनचं हस्तांतर झालं तेव्हा मला धाकधूक होती. 2009 ते 2013 च्या दरम्यान तीन टप्प्यांत गेट्स फाउंडेशननं आपले प्रकल्प सरकारच्या ताब्यात दिले. वाईट झालं नाही. बरीच केंद्रं चालू राहिली. कारण नाकोनं लक्ष्यगटांसाठीची, म्हणजे ज्यांना संसर्गाचा धोका जास्त अशा लोकांसाठीची, कामं आधीच आपल्या पद्धतीनं बांधली होती, दर बांधले होते, साठ बायकांमागे एक पीअर हे सरकारी मापच झालं होतं. पण प्रकल्पाच्या काळात जिथे गाडी होती तिथे एसटी आली, आणि जिथे पगार एक तारखेला व्हायचा तिथे 'अनुदान आल्यावर' झाला. पुढच्याच वर्षी, 2014 मध्ये, देशात मोफत कंडोमचा तुटवडा पडला. परदेशी वृत्तसंस्थांनी त्याच्या बातम्या केल्या. तेव्हा कोणी देणगीदार पळाला नव्हता. उलट जागतिक बँकेचं 25 कोटी 50 लाख डॉलरचं नवं साहाय्य आदल्याच वर्षी मंजूर झालं होतं. अडलं होतं ते खरेदीत. निविदा, फाईल, आणि नाकोचा स्वतंत्र विभाग त्याच सुमारास आरोग्य विभागात विलीन होत होता. पैसा असूनही माल नाही, असं होऊ शकतं हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

कारण कंडोम ही ऐनवेळी बाजारातून उचलून आणायची वस्तू नाही. अंदाज काढा, मागणी वर पाठवा, निविदा, उत्पादन, मग प्रत्येक घाण्याची, म्हणजे लॉटची, तपासणी. हवा भरून फुगवतात. किती लिटरला आणि किती दाबाला फुटतो ते बघतात. अठरा लिटर हवेपर्यंत चांगला कंडोम टिकायला हवा, बघायला अचंबा वाटतो. पाणी भरून गळती बघतात. पाकिटाची शिवण तपासतात. लॉटमधले ठरावीक नग काढायचे, त्यांतले ठरलेल्यापेक्षा जास्त नापास झाले तर अख्खा लॉट परत. यात काही महिने सहज जातात. म्हणून राखीव साठा ठेवावाच लागतो. 'पडून आहेत' म्हणून कोणी तो कापला तर वर्षभरानं हात चोळत बसायची वेळ येते.

तपासणीत तडजोड झाली की काय होतं याची दोन उदाहरणं आफ्रिकेतली आहेत. 2004 मध्ये युगांडात 'एंगाबू' या सरकारी मोफत ब्रँडला घाण वास येतो अशा तक्रारी आल्या आणि माल परत मागवला गेला. त्यावर उपाय म्हणून देशात उतरलेली प्रत्येक खेप पुन्हा तपासायची अट आली, आणि ती तपासायची सोय पुरेशी नव्हती. माल गोदामात अडकला, देशभर टंचाई झाली. आणि फुकटच्या कंडोमवरचा लोकांचा विश्वास उडाला, जो परत मिळवायला टंचाई संपण्याहून जास्त वर्षं लागतात. 2007 मध्ये दक्षिण आफ्रिकेत तपासणी संस्थेच्या माणसानं लाच घेऊन खराब माल पास केल्याचं उघड झालं आणि 'चॉइस' या सरकारी ब्रँडचे दोन कोटी नग परत मागवावे लागले. रबर चांगलं असून उपयोग नाही, त्यावरची सहीही चांगली लागते.

आफ्रिकेचं नाव निघालं आहे, तर तुमच्या प्रश्नाचा खरा जोर तिथे आहे. दक्षिण आफ्रिका आपला माल स्वतःच्या तिजोरीतून घेते, पण त्या खंडातल्या कितीतरी देशांत कंडोमचं रबर देणगीदारांचंच असतं. यूएसएड, ग्लोबल फंड, संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी. तिथे हुकूम निघाला की पुढची बोटच येत नाही. 20 जानेवारी 2025 ला मदत नव्वद दिवस थांबवण्याचा आदेश निघाला, मग 'जीव वाचवणाऱ्या' उपचारांना सूट मिळाली. पण त्या सवलतीत औषधं आली, प्रतिबंध बहुतांशी बाहेर राहिला. संसर्गाआधी घ्यायची प्रतिबंधक गोळीसुद्धा फक्त गरोदर आणि स्तनदा मातांपुरती राहिली. कंडोम तर कोणाच्या यादीत नव्हतेच. कारण ते जीव वाचवतात हे एकाच माणसाकडे बोट करून दाखवता येत नाही. गोळी घेणारा रुग्ण दिसतो, न झालेला संसर्ग दिसत नाही.

त्याच जानेवारीत व्हाइट हाउसमधून सांगितलं गेलं की गाझामध्ये कंडोमसाठी पाच कोटी डॉलर जाणार होते, ते आम्ही वाचवले. याला कुठलाही पुरावा पुढे आला नाही. आम्ही लोकांनी ते ऐकल्याबरोबर भागाकार केला. एवढ्या मोठ्या खरेदीत नगाला दोन-तीन सेंट पडतात. पाच कोटी डॉलर म्हणजे सुमारे दोनशे कोटी कंडोम. गाझाची वस्ती वीस-बावीस लाख. म्हणजे तान्ह्या बाळासकट माणशी हजाराच्या आसपास! गाझा नावाचा एक प्रांत मोझांबिकमध्येही आहे, तिथे एचआयव्हीचं काम चालायचं, त्यातून गोंधळ झाला असावा असं पुष्कळांनी म्हटलं. जगाचं आरोग्य अशा हिशेबावर ठरू शकतं, हे जरा पोटात गोळा आणणारंच आहे.

पण देणगीदाराच्या पैशाला दोरी असतेच, आणि ती आधीपासून होती. अमेरिकेनं कितीतरी वर्षं आपल्या देणगीतले कंडोम अलाबामातल्या युफॉला नावाच्या गावच्या कारखान्यातूनच घ्यायचे असा आग्रह धरला. आशियात नग दोन सेंटला मिळत असताना तिथे पाच सेंटच्या आसपास पडायचा. त्या गावातल्या बायकांचे रोजगार त्यावर चालत होते, हेही तितकंच खरं. आपल्याकडेही सरकारी कंपनीसाठी खरेदीचा मोठा वाटा राखला जात आला आहे, त्यामुळे आपण फार हसू नये. 2003 मध्ये अमेरिकेच्या एड्सविषयक कायद्यात अट आली की पैसा घेणाऱ्या संस्थेनं वेश्याव्यवसायाच्या विरोधात लेखी भूमिका घ्यावी. सांगलीच्या 'संग्राम'नं 2005 मध्ये ती सही करण्यापेक्षा यूएसएडचा पैसा सोडला. ज्या बायकांच्या भरवशावर कंडोम वस्तीत पोचतो, त्यांच्याविरुद्ध कागदावर सही करायची आणि मग त्यांनाच 'घ्या' म्हणायचं, हे चालत नाही. त्या वेळी मी दुसरीकडे काम करत होतो आणि मला वाटलं होतं, सही करा आणि काम चालू ठेवा. आज तसं वाटत नाही.

आता तुमची खोकी. लोक कंडोम का नेत नाहीत याचं उत्तर बहुधा खोक्यात नसतं, खोकं कुठे ठेवलंय यात असतं. ग्रामीण रुग्णालयात बहुतेक वेळा पेटी ओपीडीच्या खिडकीशेजारी किंवा औषधवाटपाच्या रांगेसमोर लावलेली असते. समोर गावातला मास्तर, मागे चुलती. कोण हात घालेल? पेटी पुरुषांच्या मुतारीच्या आत लावा, दुसरी एसटी स्टँडवरच्या न्हाव्याकडे, तिसरी ढाब्यावर. मी एकदा एका रुग्णालयात पेटी दारातून काढून संडासाच्या बोळात लावून घेतली. आठवड्याला दहा-बारा जायचे ते दोनशेच्या पुढे गेले. सगळे वापरले गेले असतील असा माझा दावा नाही. पण दहा-बारा तर नक्कीच वापराचा आकडा नव्हता, लाजेचा होता. नाकोनं मध्यंतरी नाणं टाकून कंडोम देणारी हजारो यंत्रं ठिकठिकाणी बसवली. पुढे लेखापरीक्षणात त्यातली हजारो जागेवर सापडलीच नाहीत. यंत्राला भरणारा माणूस ठरवला नाही, तर दुसरं काय होणार? पेटी लावण्याआधी ती कोण भरणार त्याचं नाव कागदावर घ्या.

वाया जाण्याबद्दल मात्र मी फार घाबरत नाही. दोनेक दशकांपूर्वी बातम्या आल्या होत्या की बनारसचे साडी विणणारे फुकटचे कंडोम धोट्याला वंगण म्हणून वापरतात. पोरं फुगे करतात हे तर आपण सगळ्यांनीच पाहिलंय. चिडण्याआधी एक बघा. दोन-तीन सेंटची वस्तू आहे. दहातले चार फुग्यात गेले तरी उरलेल्या सहांनी एक संसर्ग थांबवला तर जन्मभराच्या औषधांचा खर्च वाचतो. मला राग येतो तो 'विक्रीसाठी नाही' छापलेली पाकिटं टपरीवर पैशांना दिसली की. त्याचा अर्थ वस्तीतून माल बाहेर गेलाय. आणि बहुतेक वेळा तो पीअरनंच विकलेला असतो, कारण तिचं मानधन थकलंय. तिला काढून टाकण्याआधी मानधन कधी दिलं होतं ते बघा.

मालाची अवस्था स्वतः तपासा. पत्र्याच्या छताखालची, गळक्या भिंतीला टेकलेली खोकी आधी उचला. फॉइलचं पाकीट उकाड्यात बऱ्यापैकी तग धरतं, पण ओल, ऊन आणि ट्यूबलाइटला चिकटून ठेवलेलं खोकं चालत नाही. मुदत आधी संपणारा माल आधी बाहेर काढा. भांडारात नेहमी उलटं होतं, कारण नवा माल दाराशी येतो आणि दाराशीचाच उचलला जातो. मुदत संपायला चार महिने उरलेला माल कोणाच्या तरी गळ्यात मारायचा, ही वाईट सवय सगळ्या भांडारांना आहे. तो तुमच्या गळ्यात मारला जाईल तेव्हा नाही म्हणायला शिका. पाकीट दोन बोटांत दाबून बघा, आत हवेची उशी लागली पाहिजे. चपटं लागलं तर पाकिटाला भोक आहे.

आणि समुपदेशनात एक गोष्ट सांगायची राहून जाते. खोबरेल तेल, व्हॅसलिन, तूप, कोणतंही तेल लॅटेक्सला लागलं की ते काही मिनिटांत कमकुवत होतं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना आणि तृतीयपंथीयांना पाण्याचं वंगण द्यावंच लागतं. कंडोम भरपूर पण वंगण नाही, असा पुरवठा म्हणजे अर्धा पुरवठा. देणगीदारांच्या प्रकल्पांत त्याच्या छोट्या पुड्या असायच्या. सरकारी मागणीपत्रात ती ओळ सुटते, कारण ती ओळ भरणाऱ्याला ती कशाला लागते ते विचारायची लाज वाटते.

पोलिसांचा मुद्दा तुमच्या हद्दीबाहेरचा वाटेल, पण तो पुरवठ्याचाच मुद्दा आहे. ज्या बाईच्या पर्समध्ये वीस कंडोम सापडले म्हणून तिला उचललं, ती दुसऱ्या दिवसापासून दोनच घेऊन फिरते. गॅप तिथेच तयार होतो. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम 22 नं संसर्ग टाळण्यासाठी कंडोम पुरवणं आणि वापरणं याला संरक्षण दिलं आहे. 19 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंडोम जवळ असणं हा गुन्ह्याचा पुरावा नाही. या दोन्हींची एक-एक छायाप्रत तुमच्या ठाण्याच्या निरीक्षकांना चहाला बोलावून द्या. बहुतेकांना माहीत नसतं, आणि सांगितलं तर बरेचजण ऐकतात.

अमेरिकेच्या निर्णयाचा आपल्याकडे काहीच परिणाम नाही, असंही नाही. नाकोचा पाचवा टप्पा, 2021 ते 2026, संपूर्ण केंद्राच्या पैशातून मंजूर झाला, सुमारे 15,472 कोटींचा. पण परदेशी मदतीतून चालणारी तांत्रिक पथकं, नकाशे अद्ययावत करणारे लोक, समाजाच्या संघटनांना मिळणारे छोटे पैसे, ही कडेची कामं सैल होतात. आणि नकाशा नेमका याच काळात बदलतोय. मुंबईतल्या कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या रिकाम्या होत आहेत, इमारती पाडायची योजना आहे. बायका लॉजवर, भाड्याच्या खोल्यांत आणि मोबाइलवर गेल्या. ज्या गल्लीत एक पीअर संध्याकाळी तासाभरात साठ जणींना भेटायची, तिला आता साठ फोन नंबर जपावे लागतात, आणि त्यांतले अर्धे दर महिन्याला बदलतात. जुना नकाशा घेऊन माल पाठवला तर तो रिकाम्या गल्लीत जाऊन पडतो, तुमच्या खोक्यांसारखा.

तेव्हा तुमच्या खोक्यांची कहाणी बहुधा अशीच असेल. कोणीतरी वर बसून लोकसंख्येवरून आकडा काढला आणि ढकलला. तो आकडा तुम्ही बदलू शकता. येत्या आठवड्यात तुमच्या आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्राच्या, समुपदेशकाला विचारा की तालुक्यात लक्ष्यगटाचं काम कोणती संस्था करते आणि तिचे पीअर कोण. त्यांना एकदा रुग्णालयात बोलवा, बाकडं नाही, खुर्ची द्या. विचारा की मागच्या महिन्यात कोणत्या दिवशी माल संपला, आणि तेव्हा काय केलं. आशाताईंनाही बोलवा. 2011 पासून त्या घरपोच तीन नगांचं पाकीट एक रुपयाला देतात, कोणतं घर मागतं आणि कोणतं लपवून मागतं ते त्यांना ठाऊक असतं. मग त्या बोलण्यावरून पुढच्या तिमाहीचं मागणीपत्र भरा, आणि वंगणाची ओळ विसरू नका. भांडारातली खोकी त्याच दिवशी पीअरबरोबर पाठवा. भाड्याचे पैसे रुग्ण कल्याण समितीतून निघतात का ते आधी बघून ठेवा, नाहीतर ती पुन्हा रिकाम्या हातानं परत जाईल.